दगड छापणारे गाव

मुलांनो, हे वाचता वाचता जरा खाली बघा. हो, खालीच! पायाखाली फरशी आहे ना? सारवलेली जमीन असेल किंवा जुनी शहाबादी असेल, तर गोष्ट वेगळी. पण संगमरवरासारख्या नाहीतर लाकडासारख्या दिसणाऱ्या चकचकीत टाइल्स असतील, तर त्या कुठून आल्या असतील? मी सांगते. बहुतेक मोरबीहून.

हे मलाही आधी ठाऊक नव्हते. मला शोधायला लावले ते आमच्या चौथीच्या वर्गाने.

आमच्या शाळेतली जुनी फरशी उखडली होती. तिच्या जागी नव्या टाइल्स आल्या. पांढऱ्याशुभ्र, वर करड्या रेषा, अगदी संगमरवर! पोरे खूश झाली. पहिले दोन दिवस नुसती घसरगुंडी. तिसऱ्या दिवशी खिडकीजवळचा एकजण ओरडला, "बाई, इथे बदक आहे!" मी जाऊन पाहिले. करड्या रेषांचे खरेच बदक झाले होते, चोचीसकट. तेवढ्यात दाराजवळून आवाज आला, "बाई, इथं पण बदक!" मग काय, गणिताचा तास बदकांनी खाल्ला. वर्गात एकूण अकरा बदके निघाली. सगळी हुबेहूब!

"बाई, खऱ्या दगडात एकसारखी अकरा बदकं कशी आली?"

दगड खरा नाही, हे मला कळत होते. पण मग तो आहे काय आणि त्यावर चित्र कसे आले, हे काही सांगता येईना. त्यात आणखी एक कोडे निघाले. काही टाइल्सवर केसासारखी बारीक, फिकी रेघ होती. एका मुलीने पट्टी लावून पाहिली. रेघ प्रत्येक टाइलवर कडेपासून बरोब्बर अकरा सेंटिमीटरवर! तीन टाइल्समधून ती सरळ जायची आणि चौथीत एकदम आडवी व्हायची. पोरांनी त्या रेघेवरून लंगडी घालायला सुरुवात केली. मी म्हणाले, "उद्या सांगते." आम्ही शिक्षक 'उद्या सांगते' म्हणतो ना, तेव्हा मुले विसरतील अशी आशा असते. ही विसरली नाहीत. परीक्षा संपेपर्यंत रोज, "बाई, रेघ?"

माझा मामेभाऊ नाशिकला डिप्लोमा करून मोरबीला एका टाइलच्या कारखान्यात लागला होता. त्याला फोन केला. तो हसायलाच लागला. "ताई, मी ते छापायचंच काम करतो! मे महिन्यात ये, दाखवतो."

मुंबईहून रात्री सौराष्ट्र मेलमध्ये बसले आणि सकाळी वांकानेरला उतरले. तिथून मोरबी तीसेक किलोमीटर. छोटी गाडी आहे, गर्दी मात्र मोठी. खिडकीबाहेर सपाट रान, बाभळी आणि ऊन. मग एकाएकी पत्र्यांच्या लांबच लांब शेड दिसू लागल्या. एक संपली की दुसरी, तिच्यामागे तिसरी. अंगणात मातीचे डोंगर, रस्त्यावर ट्रकच ट्रक. देशातल्या दहा टाइल्सपैकी आठ-नऊ याच एका परिसरात होतात, असे म्हणतात. पटतच नव्हते. हे बघितल्यावर पटले.

मोरबी हे मच्छू नदीकाठचे गाव. आधी इथे कौले व्हायची, मंगलोरी धर्तीची लाल कौले. घड्याळेही व्हायची. तुमच्या आजीच्या भिंतीवर एखादे मोरबीचे घड्याळ असेलही. तो धंदा नावारूपाला आणणारे ओधवजीभाई पटेल आधी शाळेत गणित-विज्ञान शिकवायचे. (हे ऐकून मी उगाचच ताठ बसले!) या गावाने दुःखही फार सोसले आहे. ११ ऑगस्ट १९७९ रोजी मच्छू-२ धरण फुटले आणि पाण्याची भिंतच्या भिंत गावावर आली. हजारो माणसे गेली. आणि ३० ऑक्टोबर २०२२ ला नदीवरचा झुलता पूल तुटून शंभरावर माणसे बुडाली. भाऊ ते ठिकाण दाखवत होता, तेव्हा रिक्षावाल्याने रिक्षा हळू केली. बोलला काहीच नाही.

आता कारखान्यात चला. नाव काही सांगत नाही, तुम्हाला नावाशी काय करायचे?

आधी माती. गुजरात-राजस्थानातून आलेली निरनिराळी माती आणि दगडाची भुकटी पाण्यात घालून मोठ्या पिंपात गोट्यांबरोबर दळतात. त्याचे सरबत गरम हवेत फवारतात, की रव्यासारखे दाणे पडतात. ते दाणे साच्यात घालून प्रचंड दाबाने दाबले, की झाली कच्ची टाइल. या खात्यात मी फार वेळ थांबले नाही. सगळीकडे पांढरी धूळ. ही नुसती माती नसते, हिच्यात सिलिका असते. ती वर्षानुवर्षे छातीत गेली तर सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. काहींच्या तोंडाला मास्क होते. काहींनी नुसता गमछा बांधला होता. दूर ओडिशा-झारखंडातून आलेली माणसे ती. मला तो गमछा आवडला नाही, आणि मी तसे भावाला सांगितलेही. तो म्हणाला, "ताई, मलाही नाही आवडत."

पुढे टाइल पट्ट्यावरून सरकत जाते. तिच्यावर पांढऱ्या लेपाचा पातळ पडदा पडतो, हे ग्लेझ. आणि मग ती एका लांबट, बंद, गार खोलीसारख्या यंत्रात शिरते. शिरताना कोरी असते. दुसऱ्या बाजूने बाहेर येते ती संगमरवर होऊन! मी घड्याळ लावले. एका टाइलला लागला सव्वा सेकंद.

"हाच आमचा प्रिंटर," भाऊ म्हणाला.

संगणकाच्या दुकानात कागदावर शाईचे थेंब उडवून छापणारा प्रिंटर तुम्ही पाहिला असेल. त्याचाच हा थोरला भाऊ. पण थोरला होताना त्याला फार सोसावे लागले. कसे ते नीट सांगते, कारण खरी गंमत इथेच आहे.

रांगोळी दोन तऱ्हांनी काढतात ना? एक छापाची. भोके पाडलेला पत्रा जमिनीवर ठेवायचा, वरून रांगोळी पसरायची, पत्रा उचलला की कमळ तयार. दुसरी ठिपक्यांची, चिमटीने एकेक ठिपका सोडायचा. टाइलवर पूर्वी छापाची रांगोळी असायची. ताणून बसवलेली जाळी टाइलवर टेकवायची आणि रबरी पट्टीने रंग ओढायचा. प्रत्येक रंगाला वेगळी जाळी. जाळी टेकते, म्हणून ओली कच्ची टाइल तडकायची. शिवाय जाळी एकच, त्यामुळे सगळ्या टाइल्स जुळ्या बहिणी.

नव्या यंत्रात टाइलला काहीच टेकत नाही. वर काही मिलिमीटरवर छापणारी डोकी असतात आणि ती ठिपक्यांची रांगोळी घालतात. पण किती ठिपके? दोन फुटी टाइलवर साधारण सात कोटी जागा! टाइल खालून पळत असते आणि प्रत्येक छिद्र सेकंदाला सात हजार वेळा ठरवते, 'थेंब टाकू की नको, टाकू तर केवढा?' मोठा थेंबसुद्धा चाळीसेक पिकोलिटरचा. असे थेंब एका चमच्यात साडेबारा कोटी मावतील.

एवढा थेंब ढकलायचा कसा? तुमच्या स्वयंपाकघरात त्याचे उत्तर आहे. गॅस पेटवायचा लायटर 'टक्' करून दाबला की ठिणगी पडते. आत एक खास पदार्थ असतो. त्याला दाबले की वीज निर्माण होते. हा गुण पिएर आणि जॅक क्यूरी या भावांनी १८८० साली शोधला. याच्या उलटही होते. त्या पदार्थाला वीज दिली की तो किंचित हलतो. छापणाऱ्या डोक्यात शाईच्या बारीक नळीच्या भिंतीच या पदार्थाच्या असतात. वीज आली की भिंती आकसतात आणि पिचकारीसारखा थेंब उडतो. आणि गंमत म्हणजे तो पदार्थही भट्टीत भाजलेला, टाइलचाच दूरचा नातलग!

आता एक प्रयोग करा. घरचा नळ अगदी बारीक सोडा. पाण्याची धार वर काचेच्या दोरीसारखी दिसेल, पण खाली गेल्यावर तिचे थेंब होतात. का होतात याचे गणित इंग्लंडच्या लॉर्ड रॅले यांनी १८७८ साली मांडले. थेंब तुटताना मागे शेपटी राहते आणि तिचे पिल्लू-थेंब भलतीकडे उडतात. शाई फार पातळ असली तर शिंतोडे, फार दाट असली तर थेंब सुटतच नाही. म्हणून शाईचे तापमानसुद्धा ठरलेले. मोरबीच्या मे महिन्यात माणसे घामाने निथळत होती, आणि शाईचा थाट मात्र राजाचा! मी तसे म्हटले तर सगळे हसले.

पण सगळ्यात मोठी अडचण वेगळीच होती. कागदाची शाई इथे चालत नाही. टाइल पुढे भट्टीत जाते. तिथे अकराशे ते बाराशे अंशांची धग. साधा रंग जळून जाईल. टिकतात ते फक्त धातूंपासून बनवलेले रंग. निळ्यासाठी कोबाल्ट, तपकिरीसाठी लोखंड आणि क्रोमियम, असे. हे रंग म्हणजे एक प्रकारचे दगडच. ते दळून दळून एका मायक्रॉनपेक्षा बारीक करायचे आणि तेलासारख्या द्रवात मिसळायचे. मिसळले, तरी ते तळाशी बसणारच! ताक घुसळून ठेवले की वर पाणी आणि खाली दाट भाग, तसे. आणि तळाशी बसले की केसाहून बारीक छिद्र बुजलेच म्हणून समजा.

स्पेनमध्ये कास्तेयॉन म्हणून टाइल्सचा मुलूख आहे. तिथल्या केराजेट या कंपनीने २००० साली टाइलवर असे छापणारे यंत्र पुढे आणले. पण छिद्रे बुजण्याचा त्रास काही संपेना. मग इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या झार कंपनीने २००७ साली असे डोके आणले, की शाई छिद्रामागून सतत वाहत राहते, थांबतच नाही. थेंब उडो न उडो, शाई फिरतेच आहे. तळाशी बसायला तिला उसंतच नाही. शाळेच्या मधल्या सुट्टीत मुले एका जागी बसतात का? तसेच! त्यानंतर हे तंत्र झपाट्याने पसरले आणि २०१० नंतर थोड्याच वर्षांत मोरबीभर झाले.

आम्ही हे बोलत होतो, तेवढ्यात पट्ट्याजवळ उभे असलेले एक वयस्क गृहस्थ ओरडले, "लीटी!"

लीटी म्हणजे गुजरातीत रेघ. मी दचकलेच. पट्ट्यावरून चाललेल्या टाइल्सकडे डोळे फाडून पाहिले, मला काही दिसेना. भाऊ धावला, वाकला आणि म्हणाला, "आहे. काका म्हणतात म्हणजे आहेच."

तेवढ्यात ऑफिसमधून फोन आला. ट्रक सायंकाळी भरायचा आहे, चालू ठेवा, रेघ बारीक आहे, कोण बघतंय! भट्टी शंभर मीटरहून लांब असते आणि तिला रिकामी ठेवता येत नाही. पट्टा थांबला की नुकसान. भाऊ क्षणभर काकांकडे बघत राहिला. काका काही बोलले नाहीत, नुसते टाइलवर बोट टेकवून उभे. भावाने लाल बटण दाबले.

पट्टा थांबला. डोकी वर उचलली, आतून शाई जोरात सोडून छिद्रे मोकळी केली, पुसली आणि कागदावर छापून पाहिले. सगळे मिळून बारा मिनिटे. ऑफिसातून आणखी दोन फोन आले. ते भावाने कसे घेतले हे मी इथे लिहीत नाही, घरी मामींना कळेल!

मग मला एकदम उजेड पडला. रेघ कशाने येते? दोन-तीन शेजारची छिद्रे बुजली, की तेवढ्या जागी रंग पडत नाही. डोके एका जागी पक्के, टाइल खालून सरळ जाते. म्हणून रेघ सरळ, आणि प्रत्येक टाइलवर कडेपासून तेवढ्याच अंतरावर. अकरा सेंटिमीटर! आणि चौथ्या टाइलवर ती आडवी का? आमच्या गवंड्याने ती टाइल फिरवून बसवली असणार, दुसरे काय!

"आणि बदकं?" मी विचारले. भाऊ म्हणाला, एका नमुन्याची संगणकात चार, सहा, आठ अशी वेगवेगळी चित्रे ठेवतात. त्यांना इथे 'रँडम' म्हणतात. ती आलटून पालटून छापतात, म्हणजे घरात खऱ्या दगडासारखे वाटते. रँडम कमी असले की बदके जास्त.

जेवणाच्या सुट्टीत काकांशी बोलले. ते पूर्वी जाळीवर छापायचे, वीस वर्षे. रंग दाट झाला की पट्टी हाताला जड लागते, हे त्यांना डोळे मिटून कळायचे. नवे यंत्र आले तेव्हा जाळीवरचे बरेच जण घरी गेले. काकांना वाटले, आता आपणही. पण त्यांचे डोळे कुणीतरी ओळखले आणि त्यांना पट्ट्याजवळ उभे केले. धरण फुटले तेव्हा ते दहा वर्षांचे होते आणि शाळेच्या गच्चीवर चढून वाचले. "बेन, पाणी उतरल्यावर गावात सगळीकडे चिखल," ते म्हणाले, "आणि मी आयुष्यभर चिखलाचंच काम केलं."

मी विचारले, "रेघ असलेल्या टाइल्सचं काय करता?"

"सेकंड," ते म्हणाले. "वेगळ्या काढायच्या. स्वस्तात जातात."

स्वस्तात कुठे जातात, ते मी विचारले नाही. मला ठाऊक होते. आमच्या शाळेच्या फरशीचे बिल मी पाहिले होते, त्यावर 'सेकंड' असे कुठेही लिहिलेले नव्हते. मला राग आला. काकांना तो दिसला असावा. ते म्हणाले, "बेन, लीटी वरच्यावर असते. टाइल तेवढीच पक्की." टाइलचे खरे असेल. माझा राग टाइलवर नव्हताच.

भट्टीच्या पलीकडच्या टोकाला गेलो. टाइल्स पाऊण-एक तास आतल्या लाटण्यांवरून सरकत येतात. आत जाताना रंग फिके, मळकट. बाहेर येताना असे उजळलेले, की ओळखू येऊ नयेत. टाइल भाजताना आक्रसतेही, म्हणून ती आणि तिच्यावरचे चित्र आधी थोडे मोठे करावे लागते. भट्टीला पूर्वी कोळशापासून केलेला गॅस लागायचा. त्याचा धूर आणि घाण पाणी इतके वाढले, की मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कोळशाच्या त्या भट्ट्या बंद करायला लावल्या. आता पाइपमधून येणारा नैसर्गिक गॅस किंवा प्रोपेन जाळतात.

भाऊ सांगत होता, ही थेंबांची युक्ती आता टाइलपुरती राहिलेली नाही. चांदीचे बारीक कण मिसळलेल्या शाईने विजेच्या रेषा छापता येतात. वाकणाऱ्या मोबाइलच्या पडद्याला हवा आणि ओल लागू नये म्हणून त्यावर जे थर देतात, त्यांतला एक असाच थेंबांनी छापतात. प्रत्येक नव्या पदार्थाबरोबर भांडण मात्र तेच. दाट की पातळ, तळाशी बसतो का, छिद्र बुजवतो का. आणि टाइलमध्ये तर अजून तजेलदार लाल रंग मिळवणे फार अवघड. तुमच्यापैकी कुणी तो मिळवलात तर मला पत्र टाका, मी काकांना कळवीन!

निघताना काकांनी मला एक छापलेली, पण न भाजलेली छोटी टाइल दिली. निळ्या फुलांची. मी ती दोन साड्यांत गुंडाळून पेटीत ठेवली. तरी वांकानेरच्या फलाटावर कुणाची तरी ट्रंक पेटीवर आदळली आणि टाइलचे तीन तुकडे झाले. कच्ची माती ती! मला गाडीत रडूच येणार होते.

जूनमध्ये शाळा उघडली. ती मुले आता पाचवीत गेली होती, पण मधल्या सुट्टीत सगळी माझ्या वर्गात येऊन बसली. मी तुकडे टेबलावर मांडले आणि सगळे सांगितले. जाळी, थेंब, लायटर, काका, लाल बटण. पट्टीवालीने लगेच आडव्या रेघेची टाइल गाठली आणि "फिरवून बसवली! मी म्हटलंच होतं!" म्हणून नाचू लागली. खरे तर ती तसे कधी म्हणाली नव्हती.

बदकवाला मात्र गप्प होता. त्याने विचारले, "बाई, मग आपल्या टाइल्सच्या वेळी काकांनी 'लीटी' म्हणून ओरडलं नव्हतं का?"

"दुसरा कारखाना असेल," मी म्हणाले. "किंवा ओरडले असतील आणि कुणी थांबवलं नसेल."

त्याने जरा विचार केला. मग तुकड्यावरच्या फुलावरून बोट फिरवले. न भाजलेला रंग, तो लगेच निघाला. बोट निळे झाले. मी "अरे, अरे! आधी साबणाने हात धुऊन ये!" म्हणेपर्यंत त्याने ते बोट खाली वाकून रेघेवर उमटवले होते, अगदी बदकाच्या चोचीजवळ.

मी ते अजून पुसलेले नाही.